समजा, चांदणी म्हंजे चूल

देवराव गुरुजी येताना दिसले की मी ठेल्यावरच्या संत्र्यांवर गोणपाट टाकतो. त्यांना पृथ्वी लागते. शाळेतून रिटायर झाले, पण आमच्या अकोल्याच्या गल्लीतली पोरं काही त्यांनी सोडली नाहीत. "समजा, हे संत्रं म्हंजे पृथ्वी," इथून सुरुवात. धडा संपला की पृथ्वी सोलून खातात. घरी एकटेच, खानावळीचा डबा येतो. खाऊ द्या म्हणतो.

पोरंही वस्ताद. "गुरुजी, बिया कोन्या देशात हायेत?"

"उदाहरन हाय बे! इतकं ताणू नोको."

एकदा म्हणाले, "समजा, वीज म्हंजे नळाचं पानी." माझी नात रेणू उठली. "मंग नळावानी आठ दिवसाआड काहून नाई येत?"

या हिवाळ्यात माझी बायको गेली. सुनेनं रेणूला सांगितलं, आजी चांदणी झाली. आणि त्याच आठवड्यात गुरुजींनी शिकवलं, "समजा, चांदणी म्हंजे पेटलेली चूल. लय मोठी."

पोरगी रडतच घरी आली. "आबा, आजी जळून राहिली." जेवेना. अंगणात पाय ठेवेना.

मी तडक गेलो. "गुरुजी, माही बायको चुलीत घातली तुमी!"

माणूस अनवाणी धावला. रेणूसमोर उकिडवा बसला. "बेटा, चूल नाई. समजा, कंदील..."

"कंदील तापते."

"बरं, काजवा..."

"काजवा सकाळी मेलेला सापडते."

गुरुजींना घाम फुटला. मी मध्ये पडलो नाही. मलाही उत्तर पाहिजे होतं.

शेवटी म्हणाले, "चुकलं माहं. आजी चांदणी नाई झाली. कुठी गेली, मले नाई मालूम. हे कशासारखंच नाई बेटा."

रेणूनं नाक पुसलं. विचार केला. "पन गुरुजी, आजी तर तव्यावरची भाकर हातानं पलटवे. तिले कुठी चटका बसे? राहू द्या चूल."

गुरुजी टाळ्या वाजवत उठले. "पास! मी नापास, पोरगी पास!" गल्ली गोळा झाली. मीही हसलो. बायको गेल्यापासून पहिल्यांदा.

पोरीला भूक लागली. सुनेनं ताटं वाढली, गुरुजींनाही. तव्यावरची गरम भाकर. ते नुसते बघत बसले.

रेणूनं डिवचलं, "गुरुजी, समजा हे म्हंजे काय? चंद्र?"

"नाई बेटा," गुरुजी हळूच म्हणाले. "हे भाकर हाय."