बुधवार नावाचा पेशंट

प्रोग्रामरबाईंनी अजून पर्सही खाली ठेवली नव्हती, तोच फोन वाजला. वॉर्डातल्या सिस्टर होत्या.

"बाई, बुधवार नावाचा पेशंट आमच्याकडे नाही. त्याची शुगर आम्हाला कशाला कळवताय?"

बाईंनी कपाळाला हात लावला. लॅबचे रिपोर्ट नेटवर्कवरून हॉस्पिटलच्या जुन्या मोठ्या कॉम्प्युटरकडे, म्हणजे मेनफ्रेमकडे येत आणि तिथून वॉर्डात जात. आदल्या दिवशी नेटवर्कचं सॉफ्टवेअर बदललं होतं. ते आधी वार पाठवी, मग नाव. मेनफ्रेम बापडं जन्मभर पहिल्या शब्दालाच नाव मानत आलेलं. त्याने वाराचाच पेशंट केला.

"लवकर बघा हो. एक आजोबा पहाटेपासून बूट घालून बसलेत. रिपोर्टशिवाय डॉक्टर घरी सोडत नाहीत."

बाईंनी मान मोडून मेनफ्रेमला शिकवलं: आधी वार, मग नाव. पुन्हा फोन.

"आता सगळ्यांची नावं 'पुरुष' नाहीतर 'स्त्री' येताहेत!"

बाईंनी नेटवर्कवाल्या भाऊंना फोनवर गाठलं. "तुम्ही काही केलंत?"

"हो! म्हटलं, तुमच्या म्हाताऱ्या मेनफ्रेमला कशाला त्रास? रिपोर्ट पुन्हा जुन्या पद्धतीने सोडले. आधी नाव, मग स्त्री-पुरुष."

"अहो, मी त्याला आत्ताच नवी पद्धत शिकवली!"

"अरेच्चा! मग मी नवी लावतो."

"राहू द्या, मीच जुनी..."

तेवढ्यात साहेबांचा फोन मध्ये आला आणि बोलणं तुटलं. दोघंही शब्दाला जागणारी माणसं. त्यांनी नवी लावली, यांनी जुनी.

"बुधवार परत ॲडमिट झालाय," सिस्टरांनी थंडपणे कळवलं.

बाईंचे डोळे चुरचुरत होते. डबा तसाच पडला होता.

"भाऊ, कीबोर्डवरचे हात काढा."

"काढले."

"कुठे ठेवलेत?"

"डोक्यावर."

"तिथेच राहू द्या."

दुपार कलली तेव्हा पहिला रिपोर्ट सरळ आला. वार वाराच्या जागी, नाव नावाच्या. बाईंनी हरखून वॉर्डात फोन लावला.

"सिस्टर, सुरू झालं! आजोबांना सांगा!"

"आजोबा? ते केव्हाच घरी जाऊन जेवून झोपलेसुद्धा असतील. मीच जाऊन सगळे रिपोर्ट घेऊन आले. लॅब वॉर्डाच्या समोरच आहे की!"

बाईंनी शांतपणे भाऊंना हे सांगितलं.

"बाई," भाऊ हळूच म्हणाले, "हे साहेबांच्या कानावर घालू नका हं."

"वेड लागलंय का मला?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी डबा उघडला.