ब्लोअर फक्त चारवर चालतो

सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन सकाळी होतं आणि दुपारी त्यांना घरी आणायचं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, "डोळ्यात धूळ जाता कामा नये, घाम जाता कामा नये. गाडीच्या काचा बंद ठेवा आणि एसी लावा." एवढी साधी गोष्ट. पण गाडीतल्या एसीचा ब्लोअर बरेच दिवस रुसून बसला होता. बटण एकवर, दोनवर, तीनवर फिरवलं तरी ढिम्म. चारवर नेलं की थेट वादळ.

"आज तरी गाडी गॅरेजला टाका," टॅक्सीत बसता बसता बायको म्हणाली.

"गॅरेजला कशाला? ब्लोअर म्हणजे शेवटी काय, पंखा. मी काय पंखा कधी पाहिला नाही?"

"पाहिलाय ना. बाहेरच्या खोलीतला तुम्ही दुरुस्त केलात, तेव्हापासून आम्ही सगळेच त्याच्याकडे नुसतं पाहतोय."

टॅक्सीत आधीच बसलेल्या सासूबाईंनी मान बाहेर काढली. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि ही निवृत्ती त्यांनी अजून मनावर घेतलेली नव्हती. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "मी परत येईपर्यंत गाडीला चाकं तेवढी राहू द्या."

जावईबापूंना बिल्डिंगमध्ये सगळे 'सायंटिस्ट' म्हणत. कौतुकानं म्हणतात, अशी त्यांची समजूत होती. नोकरी विमा कंपनीत, क्लेम फेटाळण्याच्या खात्यात. लोकांच्या गाड्या कशामुळे बिघडलेल्या नाहीत हे सांगण्यात त्यांची हयात गेली होती. तेव्हा स्वतःची गाडी कशामुळे बिघडली हे आपल्याला कळणारच, यात त्यांना काडीमात्र शंका नव्हती.

टॅक्सी वळणापलीकडे गेली तशा त्यांनी बाह्या सरसावल्या आणि मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. व्हिडिओतला माणूस सुरुवातीलाच म्हणाला, "ब्लोअर फक्त चारवर चालत असेल, तर मोटर ठणठणीत आहे, फ्यूजही ठणठणीत आहे. वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर गेलाय. तो बदला, विषय संपला."

सायंटिस्टांनी व्हिडिओ बंद केला. इतक्या झटकन संपणारा विषय त्यांना अपमानास्पद वाटला. मुळापर्यंत जायला हवं. फेटाळण्याआधी सगळे कागद तपासायचे, ही खात्यातली शिस्त होती. म्हणून त्यांनी आधी फ्यूज तपासायला घेतला. फ्यूज उत्तम होता. पकडीनं ओढून काढेपर्यंत तरी उत्तमच होता. मग त्याचे दोन तुकडे झाले.

"बघा, फ्यूजच कच्चा होता," ते स्वतःशी म्हणाले. निदान बरोबर ठरल्याचा आनंद काही वेगळाच.

आता दुसरा फ्यूज हवा. शेजारच्याच खाचेत हॉर्नचा होता. सभ्य माणसाला हॉर्न लागतोच कुठे, असा विचार करून त्यांनी तो उपटला आणि ब्लोअरच्या जागी खोचला. बटण चारवर नेलं. आत 'फट्' असा आवाज झाला आणि ब्लोअरनं चारवरही मौन धरलं. हॉर्नचा नाजूक फ्यूज, त्याला ब्लोअरचा भार कसा पेलणार? पण सायंटिस्टांनी निष्कर्ष काढला तो असा, की मोटर जळाली.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "आईला आत नेलंय. तुम्ही गॅरेजमध्येच आहात ना?"

"म्हणजे काय! हे बघ, ऐकू येतंय ना?" त्यांनी पाना घेऊन बंपरवर दोनदा ठोकलं. तिसऱ्यांदा ठोकलं तेव्हा बंपरचा कोपरा जरा खाली आला.

"काय बिघडलंय म्हणाला मेकॅनिक?"

"फार गुंतागुंतीची केस आहे म्हणतोय."

"माणूस बरा आहे ना?"

"अगं, अतिशय हुशार माणूस आहे," सायंटिस्ट मनापासून म्हणाले.

ब्लोअरची मोटर डॅशबोर्डच्या डाव्या बाजूच्या कप्प्यामागे असते. त्यांनी कप्पा सोडवला, सीटवर डोकं आणि दारातून बाहेर पाय अशा आसनात हात वर घातला आणि चाचपडत मोटर ओढली. मोटर आली. तिच्यासोबत वाळकी पानं, काड्या आणि कुरतडलेले टिश्यू पेपर आले. कुण्या उंदरानं तिथे हौसेनं बिऱ्हाड थाटलं होतं. थोडा संसार खाली पडला, बराचसा हवेच्या नळ्यांत आतवर सरकला. दिसत नाही ते नाहीच, या तत्त्वावर सायंटिस्टांनी तो तिथेच राहू दिला.

मग त्यांनी बोनेट उघडून मोटर इंजिनावर ठेवली आणि दोन वायरींनी थेट बॅटरीला जोडली. जळालेली मोटर इतक्या उत्साहानं गरगरली, की इंजिनावरून उडी मारून कुंडीत जाऊन पडली.

म्हणजे मोटर ठणठणीत होती. हे व्हिडिओतल्या माणसानंही सांगितलं होतं; पण त्यानं नुसतं सांगितलं होतं, सायंटिस्टांनी सिद्ध केलं होतं.

मोटर पुसून परत बसवताना थंड-गरम करणाऱ्या बटणाची तार कोपराला लागून निसटली. ती जोडायला गेले तर बटणच हातात आलं. मूठभर स्क्रू उरले. कंपन्या उगाच जास्तीचे लावतात. आता फ्यूज. भरदुपारी हेडलाइट कोण लावतो? तिथला काढून ब्लोअरला दिला. बटण फिरवलं. एकवर नाही, दोनवर नाही, तीनवर नाही. चारवर मात्र वादळ. समोरच्या काचेच्या बुडाशी हवा भणभणू लागली आणि एक वाळकं पान तिथे नाचायला लागलं.

हॉर्न गेला होता, हेडलाइट गेले होते, बंपर लोंबत होता आणि ब्लोअर बरोबर सकाळी होता तिथे आला होता. सायंटिस्टांनी घाम पुसला आणि बायकोला फोन केला. "झालं काम. निघतोय."

दवाखान्यापर्यंतचा रस्ता त्यांनी खिडकीतून डोकं काढून "बाजू! बाजू!" असं ओरडत कापला.

सासूबाई डोळ्यावर प्लास्टिकचं झाकण, त्यावर काळा चष्मा आणि डोक्यावरून घट्ट पदर अशा बंदोबस्तात पुढच्या सीटवर बसल्या. बायको मागे बसली. काचा वर गेल्या.

"गाडी आतून चांगली तापलीय हो," सासूबाई म्हणाल्या. "लावा तुमचा तो एसी."

सायंटिस्टांनी बटण चारवर नेलं. रणरणत्या उन्हात काचेवर कढत हवा आदळू लागली.

"हे काय? हीटर लागलाय!" बायको ओरडली.

"ऑपरेशन जमलेलं दिसतंय," सासूबाई म्हणाल्या. "जावयाचं कर्तृत्व मला आता स्पष्ट दिसायला लागलंय."

"एक मिनिट. हवा काचेवर जातेय ना, म्हणून तसं वाटतंय. तोंडावर घेतली की गार लागेल." असं म्हणून सायंटिस्ट मधल्या जाळीसमोर वाकले, नीट डोळे उघडून आत पाहू लागले आणि पाहता पाहता त्यांनी हवेची दिशा बदलली.

उंदराचा उरलेला संसार एका दमात बाहेर आला. पानं, काड्या, कागदाचा भुगा. सासूबाईंच्या चष्म्यावर एक पान टेकलं. त्यांनी ते शांतपणे उचलून बाजूला ठेवलं. बाकी सगळं सायंटिस्टांनी स्वतःच्या डोळ्यात झेललं.

"आई गं! मेलो!"

"मागे फिरा," बायको दार उघडत म्हणाली. "नशीब, डोळ्यांच्याच दवाखान्याच्या दारात आहोत."

डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवून पापणी उलटली. "काय गेलंय?"

"पालापाचोळा."

"कुठल्या झाडाखाली उभे होतात?"

"गाडीत बसलो होतो. ब्लोअर फक्त चारवर चालायचा, तो दुरुस्त केला होता."

डॉक्टरांनी चिमट्यानं काहीतरी उचललं आणि उजेडात धरलं. "हे तर साधं कुसळ आहे."

"पुन्हा बघा, डॉक्टर," दारातून सासूबाई म्हणाल्या. "मुसळही असेल. त्यांना ते स्वतःचं दिसत नाही."

डोळा धुऊन झाला, औषध पडलं, वर जाड पट्टी आली. बायकोनं टॅक्सी बोलावली. "तुम्ही औषधं घेऊन या मागून. मी आईला घेऊन पुढे होते."

"आणि गाडी?" सायंटिस्टांनी क्षीण आवाजात विचारलं.

"गाडी इथेच राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "तीही पेशंटच आहे."

दोघी गेल्या. सायंटिस्ट खुर्चीत खाली मान घालून बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटलं, की काही कामं ज्याची त्यानं करावीत. डॉक्टरही आता हेच सुनावणार, या तयारीनं त्यांनी एक डोळा वर केला. डॉक्टरांनी नर्सला बाहेर पाठवलं, दार लावून घेतलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"तुम्ही स्वतः उघडलात?" त्यांनी हळूच विचारलं.

"काय?"

"ब्लोअर हो. कप्पा आधी काढायचा की खालचं झाकण?"

सायंटिस्टांचा कणा ताठ झाला. "कप्पा आधी. का?"

"माझाही फक्त चारवर चालतो. मिसेस म्हणते, गॅरेजला टाका. मी म्हटलं, अगं, मी माणसाचा डोळा उघडतो, हा तर डबा आहे! फक्त कुणी माहितगार भेटत नव्हता."

थोड्या वेळानं बाहेरच्या बाकांवर डोळ्यांत औषध घालून बसलेले पेशंट नर्सला विचारू लागले, "डॉक्टर गेले कुठे?" डॉक्टर मागच्या आवारात होते. पांढऱ्या कोटासकट स्वतःच्या गाडीत उताणे पडून, कपाळाला तपासणीचा दिवा बांधून, ते कप्प्यामागे हात घालत होते. बाहेर कमरेवर हात ठेवून सायंटिस्ट सूचना देत होते. "ओढा. अजून ओढा. तुटल्यासारखं वाटलं तरी घाबरू नका, ते तसंच निघतं."

"निघालं!" आतून आनंदानं आवाज आला. "हा काय, फ्यूज तपासला, जोडून टाकलं. आता चालू करून बघतो. या, जवळ या, तुम्हीच बघा."

सायंटिस्ट जवळ गेले, जाळीसमोर वाकले आणि एखाद्या अनुभवी कारागिराप्रमाणे त्यांनी उरलेला डोळाही घट्ट मिटून घेतला.