मालतीचे दोन बिऱ्हाडकरू

माझी धाकटी जाऊ मालती रोज काकडी चाखून बघायची. कडू निघाली की खाली आमच्या कोशिंबिरीला पाठवायची आणि गोड निघाली की माशांना घालायची. हे मी पदरचं सांगत नाही. तोंडावर विचारलं तेव्हा म्हणाली, "अक्का, तुम्ही मीठ लावून खाल. त्यांना कुठे मीठ लावता येतं?"

आमचं घर ग्वाल्हेरला, गोरखीजवळ. खाली आम्ही, वर माझा धाकटा दीर वसंता आणि मालती. त्यांना मूलबाळ नाही. घराणं फौजेतलं. आमच्याकडे मासा यायचा तो तव्यावर जायला. मालतीचे दोन मात्र वर काचेच्या लांबलचक पेटीत राहायचे. त्यांना सकर मासे म्हणतात. काळे, खडबडीत, अंगावर जसा पत्रा ठोकलेला. तोंड पोटाच्या बाजूला, त्याने काचेला चिकटून शेवाळ चाटत बसायचे. आमचे हे एकदा बघून आले आणि म्हणाले, "याला साफ करायचं तर लोहारच बोलवावा लागेल."

इंदरगंजच्या दुकानातून आणले तेव्हा बोटाएवढे होते. दुकानदाराने सांगितलं, काच साफ ठेवतात. ठेवली. मग वाढायला लागले ते थांबेचनात. कोपरापासून बोटांपर्यंत माझा हात जेवढा, तेवढे झाले. पेटीत आधीपासून रंगीत मासे होते, त्यांच्या अंगाला चिकटून त्यांना खरवडायला लागले, तेव्हा मालतीने ते रंगीत मासे लोकांना वाटून टाकले. या दोघांना नाही वाटलं. मग हे दोघं आपसात भांडायला लागले. पाठीवरचा पर छत्रीसारखा उघडायचा आणि एकमेकांना धडका द्यायच्या. तो आवाज आमच्या छतातून यायचा.

मालतीने वसंताला पिटाळून गटाराचे चिनी मातीचे दोन नवे पाइप आणवले आणि पेटीच्या दोन टोकांना ठेवले. दोन्हींची तोंडं विरुद्ध बाजूंना. मध्ये लाकडाचा जाड ओंडका, म्हणजे एक दुसऱ्याला दिसायला नको. भांडण थांबलं.

"ज्याचं त्याचं बिऱ्हाड वेगळं करा, अक्का. मग बघा कसे गोडीने राहतात," असं ती येईल त्याला ऐकवायची. बायका आपल्या सासूचं गाऱ्हाणं घेऊन यायच्या, त्यांनाही हेच. माशांना ती थोरले आणि धाकटे म्हणायची, तेही अहोजाहो करून. "थोरले आज बाहेर आले नाहीत. काही लागलंय मनाला."

मला हे बघवायचं नाही, खरं सांगते. मी एकदा पोपट मागितला होता. हे म्हणाले, "घरात एक बोलणारं आहे तेवढं पुरे." आणि इथे वसंता मुकाट्याने गटाराचे पाइप खांद्यावरून आणतो! नळाला पाणी आलं की आधी माशांच्या बादल्या भरायच्या. माझं पिंप मागे.

एका चैत्रात मी गौर मांडली. खपून आरास केली. बायका हळदीकुंकवाला आल्या, डाळ खाल्ली आणि सगळ्या वर मासे बघायला गेल्या. थोरले काचेला तोंड लावून बसलेले बघून एक जण किंचाळली. मालती म्हणते, "घाबरू नका हो, ते तुमची नथ बघतायत." वर हशा. खाली मी आणि गौर.

मग छत्तीसगड वेगळं झालं. सरकारी लोकांच्या याद्या निघाल्या, कोण इकडे, कोण तिकडे. वसंताचं नाव रायपूरला निघालं. त्याच्या कचेरीतले लोक भोपाळला खेटे घालत होते, नाव कापा म्हणून. वसंताने काही केलं नाही. बिस्तरा बांधला आणि गेला. एकटा.

मालती राहिली. म्हणाली, "मासे कसे न्यायचे एवढ्या लांब? वाटेत मरतील."

गल्ली हसली. समोरची शर्माइन रोज चौकात उभी राहून वर ओरडायची, "काए बहूजी, आदमी भेज दओ, मच्छी रख लई?" मालती सगळ्यांहून मोठ्याने हसायची.

माझा मात्र जळफळाट झाला. यांची बदली भिंडला झाली, मी गेले. गुन्याला झाली, गेले. तापात होते तरी गेले. मला कोणी विचारलं होतं? आणि हिने दोन माशांसाठी नवऱ्याला एकटं धाडलं, तोही हूं की चूं न करता गेला. असा नवरा हिलाच का मिळावा?

शेवटी मी शर्माइनला सांगितलं, "आज मच्छी वाले की दुकान पर फैसला करके आती हूँ," आणि तांगा करून इंदरगंजला गेले. दुकानदाराला विचारलं, हे मासे रायपूरला जातील का?

तो हसला. "अरे अम्मा, ये मरने वाली चीज़ है? गीले बोरे में लपेट दो तो भी घंटों जी ले. दो ढक्कन वाले डिब्बे लो, एक-एक में एक. साथ मत रखना, बस."

मी तशीच जिना चढले. एरवी मी वर कामापुरती जायची, उंबऱ्यातूनच बोलायची. त्या दिवशी आत जाऊन उभी राहिले. मालती पेटीची काच पुसत होती.

"जातात तुझे मासे," मी म्हटलं. "दोन डबे घे. मी विचारून आलेय."

तिचा हात थांबला. "खाली कोणाला सांगितलंत?"

"अजून नाही."

"नका सांगू, अक्का."

पुढचं मालतीला विचारूनच लिहिते आहे. म्हणाली, आता लिहा, हसणारे राहिलेत कुठे.

ती खाली बसली. "ते चल म्हणालेच नाहीत. यादी आली त्या दिवशी म्हणाले, तू आलीस तर माशांचं कोण बघेल. मी म्हटलं, हो, खरंच. दिवाळीला आले तेव्हा पाणी बदललं, पाइप घासले. माझ्याशी, गॅस संपला का, एवढंच बोलले. मग म्हटलं, मी माशांपायी राहिले असंच लोकांना वाटू दे. हसतात तेवढंच."

समजूत घालणं मला येत नाही.

तेवढ्यात चौकातून शर्माइनची हाक आली. "काए अम्मा! का कही दुकान वाले ने?"

मालतीने डोळे पुसले आणि हसायला तोंड उघडलं. मी तिला हाताने मागे सारलं आणि खिडकीत गेले.

"कहता है, हिलाओगी तो उसी दिन मर जाएँगी!"

"हाय राम," शर्माइन म्हणाली. "दोनों?"

"दोनों!"

शर्माइन घरात गेली. त्यानंतर तिने वर ओरडणं सोडलं.

मालतीने पदर खोचला. "अक्का, चहा टाकू?"

लग्न होऊन आल्यापासून तिने हे कितीदा तरी विचारलं असेल. मी सतरंजी ओढली आणि टाक म्हटलं.