शेषरावभाऊंची पडकी काच

फोन कानाला नीट लाव वं प्राची, अन् जरा बसून ऐक. थोडं रागवायचं आहे, आणि माझा आवाज आता लांबपर्यंत जात नाही. दिवाळीत पुण्याहून आली होतीस तेव्हा शेषरावभाऊंना हसलीस ना? तोंडावर नाही हसलीस, ते खरं. पण ओढणी तोंडात कोंबली तरी खांदे हलत होते तुझे. मला दिसलं. त्यांनाही दिसलं असेल.

हसण्यासारखं होतं, मी नाही म्हणत नाही. पाहुणा आला की लोक पाणी देतात. शेषरावभाऊ पाहुण्याला हाताला धरून गल्लीच्या तोंडाशी नेतात, तिथं उभ्या असलेल्या आपल्या पिकअप गाडीत बसवतात आणि म्हणतात, "फिरवा हँडल." पाहुणा बिचारा फिरवतो. खिडकीची काच वर जाते. भाऊ बोटांवर मोजतात, एक, दोन, तीन, चार. पाचाला काच धाडकन दरवाज्याच्या पोटात पडते.

"पाहिलं?"

"पाहिलं."

"मंग करा सही."

आणि साक्षीदारांची वही पुढे येते. त्या वहीत माझ्या जावयाची सही आहे, सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींची आहे, वीज मीटर वाचायला येतो त्याची आहे. सिलिंडरवाल्याच्या तर तीन आहेत. तो म्हणतो, सिलिंडर उतरवायला दोन मिनिटं लागतात, काच पाहायला पंधरा.

आमचं घर नागपूरच्या महालात, अन् त्यांची भिंत आमच्या भिंतीला लागून. चाळीस वर्षांचा शेजार. साठी कधीच उलटली त्यांची, पण अजून रोज खापरखेड्याच्या वीज केंद्राकडून राखेच्या विटा भरतात आणि मौद्यापर्यंत कुठंकुठं टाकून येतात. संध्याकाळी परतले की गाडी, कपडे, मिशा, सगळं एकाच रंगाचं. बायको गेली त्याला सहा वर्षं झाली. मुलगी रायपूरला, तिच्या संसारात.

मी चौथीपर्यंत शिकलेली. पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांवर झालं आणि लेखन शेषरावभाऊंच्या गाडीकंपनीकडच्या तक्रारींवर. त्यांचं अक्षर त्यांना स्वतःलाच लागत नाही, म्हणून संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचे.

"लिहा वहिनी. महोदय, काच पडली."

"किती वाजता?"

"सव्वादहाले. पारडीच्या नाक्यावर. जोरात पडली लिहा. मन दुखावलं लिहा."

"कोणाचं गा भाऊ?"

"आता काचेचं दुखावते का वहिनी? माझं!"

मी लिहायची. एकेक पत्र चार पानांचं. बोटं आखडून जायची, डाळीला फोडणी द्यायची राहून जायची, पण "आता पुरे" म्हणायची सोय नव्हती. पुरे म्हटलं की ते वायपरवर यायचे. कंपनीचं उत्तर मात्र दरवेळी दोन ओळींचं, की आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे. भाऊ ते दोनदा वाचून घ्यायचे आणि म्हणायचे, "मोलाची आहे म्हणूनच ठेवून घेतली त्याहिनं. वापस देऊन नाही राहिले."

वायपरचं दुखणं वेगळं. तो चालू व्हायचा, अर्ध्या काचेपर्यंत यायचा, आणि तिथंच उभा. शाळेत उत्तर न आलेल्या पोरासारखा. मग भाऊंचा उपाय. पानठेल्यावरून तंबाखूची पुडी आणायची आणि समोरच्या काचेला चोळायची, म्हणजे पाणी थेंबाथेंबानं न चिकटता सपाट वाहून जातं. स्वतः आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही त्यांनी. पानठेलेवाला विचारायचा, "काय शेषरावभाऊ, आज खर्रा?" तर म्हणायचे, "मले नाही बाप्पा, गाडीले."

मागच्या पावसाळ्यात माझ्या भाचीच्या साखरपुड्याला मौद्याला जायचं होतं. बस चुकली. भाऊ म्हणाले, चला, मी तिकडेच जाऊन राहिलो. बसले मी विटांपुढे देवाचं नाव घेऊन. अर्ध्या वाटेत असा पाऊस लागला की समोर रस्ता आहे की नदी ते कळेना, आणि वायपर आला, थांबला, उभा राहिला. भाऊंनी आपल्या बाजूच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. काच पडलेलीच होती, त्यामुळे डोकं काढायला सोपं. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात काठीला गुंडाळलेला दुपट्टा, त्यानं बाहेरून काच पुसताहेत. आणि ओरडून मला सांगताहेत, "वहिनी, याचीबी नोंद घ्या!"

नोंद काय घेते! समोर एक उभा ट्रक होता. मला दिसला तेव्हा हातभर राहिला होता. मी काय ओरडले ते आठवत नाही. गाडी तिरपी होऊन थांबली, मागच्या चार विटा माझ्या कानामागच्या पत्र्यावर आदळल्या. मग भाऊ हळूच म्हणाले, "पत्रात हे लिहू नका. घरी नक्कल राहते, रायपूरची पोरगी आली का वाचीन."

तेव्हापासून ढग दिसला की मी ओट्यावर येऊन त्यांची गाडी परतली का ते पाहते. हे नीट लक्षात ठेव, पुढचं सगळं यावरच आहे.

तर अशा गाड्या एकट्या भाऊंच्या नव्हत्या. त्याच कंपनीच्या, त्याच बनावटीच्या, सगळ्यांच्या काचा पडायच्या. रस्त्यावर समोरून येणारा दिसला की हे विचारायचे, "पडली का?" तो म्हणायचा, "पडली!" अशी ओळख. एकेकाला त्यांनी रविवारी सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी बोलावलं. तिथं कडुनिंब आहे. बसायला भाजीचे रिकामे क्रेट पालथे घालायचे. आठ-दहा गाड्या लागायच्या. चहा अर्थात माझ्याकडून.

भाऊंचा नियम कडक. नुसती सांगितलेली तक्रार घ्यायची नाही. "सांगू नको, दाखव." मग स्वतः प्रत्येक गाडीत बसून तपासायचे. त्यांच्या वहीत वर्ग होते: पडकी काच, अडकी काच, सुस्त वायपर, बंद वायपर. मोमिनपुऱ्याचे इस्माईलभाई, फर्निचरची ने-आण करतात ते, एकदा म्हणाले, "शेषरावभाई, मेरी काच गिरती नहीं, पर आवाज करती है. लिख लो."

"पडन तवा लिहू."

"अरे, तब तक मैं ऐसेच बैठूँ?"

"बसा ना. चहा येऊन राहिला."

इस्माईलभाई बसले. त्या दिवशी काही त्यांची काच पडली नाही, पण दुपारचं जेवून गेले. पुढच्या रविवारी पडली, तर आनंदानं हॉर्न वाजवत आले.

मी वैतागायची, प्राची. दर रविवारी एवढा चहा, एवढे कप, वर माझंच लेखन. गुडघे दुखतात, ऊन डोक्यावर येतं, आणि ही मोठमोठी माणसं खिडकीच्या काचेवर भांडताहेत, की कोणाची जास्त जोरात पडते. पण एक सांगते, त्या दोन तासांत भाऊंचा चेहरा पाहण्यासारखा असायचा. राख धुतलेला, दाढी केलेला.

आणि मग एक दिवस कंपनीनं ऐकलं. कसं ऐकलं ते मला ठाऊक नाही. माझ्या अक्षराला कंटाळली असेल. सगळ्यांना निरोप आला, गाडी आणा, काचेचं यंत्र आणि वायपरची मोटर फुकट बदलून देऊ. गल्लीत पेढे वाटले भाऊंनी. प्रत्येकाला त्यांनीच फोन केला, कोणी कोणत्या दिवशी जायचं ते ठरवून दिलं, सोबत कागद काय न्यायचे तेही.

पुढच्या रविवारी पाच गाड्या आल्या. त्याच्या पुढच्या रविवारी दोन. मग एका रविवारी मी चहाचं आधण ठेवून बाहेर डोकावले, तर भाऊंनी दहाही क्रेट पालथे घालून ठेवलेले, आणि एकावर स्वतः बसलेले. वही मांडीवर. साडेअकराला त्यांनी ते क्रेट एकात एक घातले आणि उचलून ठेवले.

मला वाटलं, चला, संपलं एकदाचं. माझी बोटं सुटली. पण मेच्या शेवटी आकाश भरून आलं आणि भाऊ पानठेल्याकडून तंबाखूची पुडी घेऊन येताना दिसले.

म्हणजे वायपर अजून तसाच होता. पत्रांवर माझाच फोन नंबर असायचा, म्हणून सर्व्हिसिंगच्या ठिकाणची एक मुलगी कधीकधी मला फोन करायची. मीच तिला लावला. ती म्हणाली, "आजी, काका तीन वेळा येऊन गेले. बसतात, चहा घेतात, दुसऱ्यांच्या गाड्यांचं काम नीट झालं का ते पाहतात. स्वतःची गाडी द्या म्हटलं की घड्याळ पाहतात अन् निघून जातात."

मी तशीच उठले, पदर खोचला आणि त्यांच्या दारात गेले.

"काहून नाही देऊन राहिले गाडी?"

"देतो ना."

"कधी? ट्रकखाली गेल्यावर? त्या दिवशी मी होते म्हणून ओरडले. रोज कोण बसते तुमच्या बाजूला ओरडायला?"

हे मी बोलायला नको होतं. पण बोलले. ते पुडी या हातातून त्या हातात करत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, काल इस्माईलभाई दिसले. कामठी रोडले. मी इचारलं, पडली का? त्याहिले ऐकूच नाही आलं. काच वर होती." थोडं थांबून म्हणाले, "सगळ्याहिच्या काचा वर गेल्या. आता कोणी थांबून नाही राहिलं. माझी पडकी आहे तोवर एखादा इचारीन तरी, भाऊ, तुमचं काय झालं म्हणून."

मी रागवायला गेले होते बाई. त्यांच्या हातातली पुडी काढून घेतली अन् उंबऱ्यावर बसले. सगळ्यांची कामं होऊ नयेत असं त्यांना एकदाही वाटलं नसेल. स्वतःच फोन करून पाठवलं त्यांनी एकेकाला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. माझी अट, मी बाजूला बसेन, गाडी दिल्याशिवाय उठणार नाही. वही त्यांनी सोबत घेतली होती. ती मुलगी चांगली, तिनं दोन खुर्च्या पंख्याखाली लावून दिल्या. कागद भरताना तिनं विचारलं, "आजी, वायपर अन् काच, दोन्ही ना?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी इतकी थकले होते की काय सांगू. त्या पत्रांनी, त्या उन्हानं, त्या ट्रकच्या आठवणीनं. मी म्हटलं, "वायपर आत्ताच कर पोरी, मोटर नवी टाक, दोनदा पाहून घे. काचेसाठी आम्ही पुन्हा येऊ."

"आजच होईल की."

"होईल. पण पुन्हा येऊ."

नवी मोटर बसल्यावर भाऊंनी वायपर चालू करून पाहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरसर गेला, परत आला. दहा वेळा पाहिला त्यांनी. मी अकराव्यांदा पाहिला.

येताना सिग्नलला इस्माईलभाईंची गाडी बाजूला येऊन थांबली. मागे कपाटं बांधलेली. काच पूर्ण वर, आत ते फोनवर बोलत होते, त्यांनी पाहिलं नाही. भाऊंनी हॉर्न वाजवला नाही. मान वाकडी करून नुसती ती काच पाहिली, वरच्या रबरापासून खालच्या कडेपर्यंत.

"बरी बसली," ते म्हणाले. "जराबी फट नाही. पाणी नाही जाणार आत."

सिग्नल सुटला, इस्माईलभाई गेले. भाऊंनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.

तर असं आहे. आता तूच ये अन् विचार त्यांना, भाऊ, तुमच्या काचेचं काय झालं म्हणून. नोकरी आहे, मुलांच्या परीक्षा आहेत, मला सगळं ठाऊक आहे. तरी दोन दिवस काढ आणि या महिन्यातच ये. माझ्यासाठी काही आणू नकोस. स्टेशनवर घ्यायला शेषरावभाऊ येणार आहेत, त्यांनी स्वतःच सांगितलं. फक्त कोणत्या गाडीनं निघतेस ते आधी कळव बाई, नाहीतर ते पुण्याकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीला जाऊन उभे राहतील.