अण्णामामांची छत्री आणि उतारावरचा बंगला

आमचे अण्णामामा दुसऱ्यांच्या डोक्यावर छत्री धरतात. पावसात नव्हे, उन्हात. आणि ओळखीच्यांच्याच नव्हे, कुणाच्याही. एकदा गोदावरीत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून एक भटजी सूर्याला अर्घ्य देत होते. मामा धोतर खोचून पाण्यात शिरले आणि त्यांच्यावर छत्री उघडली.

"अहो, सूर्य दिसेना!" भटजी ओरडले.

"आधी सावलीत या, मग बोला," मामा म्हणाले.

अशा वेळी मी नदीतले मासे निरखू लागतो. माशांतलं मला काही कळत नाही. पण मामांबरोबर फिरायचं तर माणसाला असा एखादा छंद लागतोच. सत्याग्रहाच्या दिवसांत त्यांनी उन्हात बसवून ठेवलेल्या सत्याग्रहींवर आणि त्यांच्यावर पहारा करणाऱ्या शिपायावर आळीपाळीने छत्री धरली. सत्याग्रही म्हणाले, "हा सरकारचा." शिपाई म्हणाला, "हा यांच्यातला." मला कुणी विचारलं नाही म्हणून मी वाचलो.

नाशिकच्या खालच्या अंगाला, जिथून उन्हाळ्यात माणसं गुडघाभर पाण्यातून नदी ओलांडतात, त्या उताराला लागून मामांचा बंगला आहे. पलीकडून आलेल्या प्रत्येकाला मामा व्हरांड्यात बसवतात, वाळ्याचं पाणी देतात आणि बंगल्याचा इतिहास ऐकवतात. पाणी मागेल त्याला, इतिहास सर्वांना.

इतिहास असा. एक गोरा इंजिनीअर इथे पूल बांधायला आला. नदी मोजायला सोयीचं म्हणून त्याने आधी बंगला बांधला. तो मोजायचा आणि दर पावसाळ्यात नदी पात्र बदलायची. शेवटी पूल झाला तो पार वर, आणि तोही दुसऱ्याच साहेबाच्या हातून. मडमेने हौसेने गुलाब लावले, ते आपल्या शेळ्यांनी खाल्ले. "मग साहेब गेला. मग काही वर्षं गेली. मग बंगला आमच्याकडे आला." इथे मामांना हटकून खोकला येतो आणि इतिहास संपतो. हे सगळं मी इतक्या वेळा ऐकलंय, की मला तो खोकलासुद्धा पाठ आहे.

त्या व्हरांड्यात कधीच न बसलेलं माणूस एकच, ठकूबाई. पलीकडच्या मळ्यातून ती झेंडूची पाटी घेऊन बाजाराला येते. नदी ओलांडली की लुगड्याचा ओला काठ पिळत, मागच्या बायकांची वाट पाहत भर वाळूत उभी राहते. ती दिसली की मामा ताटावरून उठून छत्री घेऊन धावतात.

"ठकूबाई, वर बसा ना."

"हितंच बरी हाय मी, अण्णा."

मग ती सावलीत, मामा उन्हात.

यंदा वैशाखात मीही तिथे होतो. मला, सख्ख्या भाच्याला, त्या छत्रीखाली आजवर कधी जागा मिळालेली नाही. टाळू तापली आणि माझी जीभ सुटली. "अहो बाई, बसा की एकदा वर! बंगला काय खातो का?"

ठकूबाईने माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

"पलेगाच्या साली ह्याच वाळूत उभं केलं व्हतं आमाला. दिस कलंस्तवर. तपासनी चालली व्हती. वर व्हरांड्यात कारकून बसलेला. माझी सासू भोवळ येऊन पडली. पानी मागितलं, तर म्हनला, आधी तपासनी."

मी मासे शोधू लागलो. वैशाखात उताराला मासेही नसतात.

आता मामांना खोकला येणार, म्हणून मी वाट पाहिली. आला नाही.

"ते आमचे वडील," मामा म्हणाले. "त्या कामावर सरकार खूश झालं, म्हणून हा बंगला मिळाला. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो, ठकूबाई. पोरगा होतो. सावलीत सरबत पीत होतो. तुम्ही माझ्याकडे बघत होता."

"बघत व्हते तर," ठकूबाई म्हणाली. "पेल्यात लिंबाची फोड व्हती."

मामा हळूच म्हणाले, "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"कान बापाचंच हायत की तुमचं! तुमी कंदी बोलताय, त्येचीच वाट बघत व्हते. लय येळ लावला, अण्णा."

तिने पाटी उचलली, पायऱ्या चढली आणि व्हरांड्यातल्या खांबाला टेकून खुशाल पाय पसरून बसली.

मामा खालीच. ती जिथे उभी होती, त्या रिकाम्या वाळूवर छत्री तशीच धरून.

"आधी सावलीत या," ठकूबाई वरून म्हणाली, "मंग रडा."