उशिरा पडणाऱ्या पावलाची बखर

श्रीसमुद्र प्रसन्न. शके अठराशे पन्नास, विभव नाम संवत्सरे, कथिलाच्या देशीं बुडालेले गाणे फिरोन कैसे वर आले, ती हकीकत ऐकिली तैसी लिहिली असे.

तो देश तिहीं अंगीं समुद्राने वेढिलेला, आणि रयत खाणींत उतरोन कथील काढी व दर्यांत जाऊन मासळी धरी. पूर्वी घरोघर हनुवटीखाली धरोन वाजवावयाची सारंगी असे. मग उपदेशक आले आणि सारंगी हे पाप ऐसे बोलिले, आणि लोकांनी आपल्या हातें वाद्ये आगींत टाकिली. तमसीणबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. त्यांचे वडील जोरीबाबा नामांकित सारंगीवाले. खाणींत दगड पडोन डावा पाय अधू जाहलेला. त्यांची सारंगी बाईंनीच आगीवर ठेविली. बाबा तीन महिन्यांत वारले. तो सल बाईंच्या उरांत साठ वर्षे राहिला.

मग कित्येक तरुणांस सुबुद्धि जाहली की आपली गाणी राखावी. त्यांचा म्होरक्या दिगोरी पंडित, वही काखोटीस मारोन गावोगाव हिंडे. तो येऊन म्हणाला, "आजी, जोरीबाबांची चाल आता तुम्हांसच ठाऊक. तुमच्यामागे ती गेली म्हणजे गेलीच." बाई म्हणाल्या, "जळलेल्याचे काय विचारतोस? जा." आणि कवाड लावोन घेतले, आणि कवाडामागे पुष्कळ रडल्या.

पुढे मंडळींनी गाण्यास्तव दालन बांधिले. त्या देशाची रीत ऐसी, की नव्या घराची माती-चुन्याची जमीन नाचोन चोपावी. बाई पाहावयास गेल्या, तो पोरे वाटेल तशा उड्या मारीत. "अरे, जमीन चोपता की उखळता?" म्हणोन स्वतः उतरल्या, आणि पाय चालू लागले, आणि पायांमागोमाग ती चाल ओठांवर आली. दिगोरीने लागलीच सारंगीवर उचलिली. ऐकणारांच्या अंगावर काटा आला.

परंतु पंडितास सुधारण्याची भारी खोड. एके जागीं ठेका क्षणभर खोळंबे, तो त्याने सरळ करोन टाकिला. बाई थांबल्या.

"हे काय केलेस?"

"आजी, तेथे ठेका उशिरा पडतो. चूक काढिली."

"उशिराच पडणार! बाबा पायाने ठेका धरीत, आणि डावा पाय मागाहून येई. एकदा मी त्यांस जाळिले. आता तू नको जाळूस रे."

दिगोरीने मान खाली घातली, टोपी काढिली, आणि होते तैसे वाजविले. बाई डोळे पुसोन शेवटपर्यंत नाचल्या. त्या हिवाळ्यांत बाईंस देवाज्ञा जाहली.

तात्पर्य इतुकेच. ती चाल अद्यापि वाजते, आणि त्या जागीं धडधाकट माणसेही डावा पाय उशिरा टाकितात, आणि कोणी हसत नाही. हकीकत समाप्त.