राठोडभाऊंचा ब्लूजवाला सिनेमा

उमरखेडात राठोडभाऊंना "पाहिला बुवा तुमचा सिनेमा" अशी थाप मारायची सोय नाही. ते शांतपणे विचारतात, "बरं, पेटीवाल्याच्या बुटाची लेस कोन्या रंगाची होती?" आमचे मुख्याध्यापक या प्रश्नावर सपशेल आपटले.

भाऊ बसच्या कंडक्टरकीतून निवृत्त झाले, पण घंटी काही सुटली नाही. सिनेमा सुरू करताना "डबल!" म्हणतात, थांबवताना "टिंग!" गेल्या वर्षी मुलाने घरी मोठा टीव्ही लावून दिला आणि त्यावर त्यांना हा एक सिनेमा सापडला. ब्लूज, म्हणजे तिकडच्या काळ्या लोकांची दुःखाची गाणी, वाजवणारे अमेरिकेतले तीन म्हातारे एका बंद पडलेल्या हॉटेलात आपल्या गायिकेची वाट बघत बसतात; त्यातला पियानोवाला म्हणजे भाऊंचा "पेटीवाला". मुळात हे नाटक, त्यामुळे दोन तास खोली बदलत नाही.

"मारामारी हाय का?" चहावाल्याने विचारलं.

"नाही. बोलतात."

"मंग?"

"मंग बसतात. पन उतरू नका, खरा स्टॉप शेवटी हाय."

चहावाला पहिल्याच स्टॉपवर उतरला. मी वर्षभर पेपर तपासायची सबब सांगत होतो. गेल्या रविवारी मात्र सापडलो.

भाऊंची बायको कमलावहिनी तीन वर्षांपूर्वी गेल्या. तांड्यावर लग्न निघालं की त्यांना बोलावणं यायचं. बंजारा नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत ढावलो गाते. हल्लीच्या मुलींना तो येत नाही, म्हणून वहिनी त्यांना घरी बसवून शिकवायच्या. "रडन्याची ट्यूशन," भाऊ म्हणायचे आणि लग्नात स्वतःच मांडवामागे जाऊन डोळे पुसायचे. आमची भिंत एकच. कित्येक वर्षं मी त्या ढावलोवरच पेपर तपासले.

सिनेमात शेवटी ती म्हातारी गायिका आली आणि शब्दांशिवायच गाऊ लागली.

"टिंग!" भाऊंनी सिनेमा थांबवला. "मास्तर, खरं सांगा. कमलाचा आवाज असाच होता ना? सारे हो हो म्हन्तात. शेवटपर्यंत पाह्यत कोनी नाही. मोबाइलात बी नाही तिचा आवाज. रडनं कोन रेकॉर्ड करते?"

हो म्हणणं सोपं होतं. पण जन्मभर चुका काढलेल्या माणसाची खोड जात नाही.

"नाही भाऊ. वहिनींचा याहून बारीक होता. शेवटची ओळ त्या एका दमात ओढायच्या आणि मग खोकायच्या."

उगाच बोललो असं मला वाटलं, फार वाईट वाटलं.

"खोकत होती," ते हळूच म्हणाले. "खोकतच होती! मी तं तो खोकला इसरूनच गेलतो, मास्तर."

त्यांनी टीव्ही बंद केला. बुटाच्या लेसचं विचारलंच नाही. मी चपला शोधायला उठलो, तशी त्यांनी माझी बाही धरली.

"अजून सांगा," ते म्हणाले. "उतरू नका."